नाव ठेवणं आणि नावं ठेवणं



मराठीत आपण बाळाला नाव ठेवतो आणि शेजाऱ्याला नावं ठेवतो. लिहिताना फरक फक्त एका टिंबाचा. पण पहिल्या वेळी घुगऱ्या वाटतात आणि दुसऱ्या वेळी भांडण होतं. आज ज्या नावांबद्दल बोलायचं आहे, ती देताना हा टिंबाचा फरक बरेचदा पुसला गेला. लोक नाव ठेवायला गेले आणि नावं ठेवून परत आले. विषय आहे, सैतानाच्या नावाच्या जागा आणि गोष्टी.

मी इंदूरच्या एका शाळेत २९ वर्षं भूगोल शिकवला. नकाशावर बोट फिरवणं हे माझं रोजचं काम. त्या नकाशांवर सैतान किती ठिकाणी भेटतो, हे पाहिलंत तर थक्क व्हाल. अमेरिकेत सैतानाचा मनोरा आहे, स्वित्झर्लंडमध्ये सैतानाचा पूल आहे. दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानाच्या किनाऱ्याजवळ सैतानाचं बेट आहे. आल्फ्रेड ड्रेफस या निरपराध फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला १८९५ ते १८९९ या काळात तिथेच डांबून ठेवलं होतं. ऑस्ट्रेलियात तर एका जिवंत प्राण्यालाच सैतान म्हणतात.

देवाच्या नावाने गाव वसवलं तर समजू शकतं. सैतानाच्या नावाने कशासाठी?

आधी सगळ्यात साधं उत्तर बघू. इशारा म्हणून. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कोडाईकनालला प्रचंड खडकांच्या मधे अरुंद आणि अतिशय खोल कपारी आहेत. इंग्रजांनी त्यांना 'डेव्हिल्स किचन' म्हटलं, म्हणजे सैतानाचं स्वयंपाकघर. १९९१ साली कमल हासनचा 'गुणा' चित्रपट तिथे चित्रित झाला आणि लोक त्यांना 'गुणा केव्ह्ज' म्हणू लागले. २०२४ साली आलेला 'मंजुम्मेल बॉइज' हा मल्याळम चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २००६ साली तिथे पडलेल्या मित्राला वर काढणाऱ्या तरुणांची ती खरी घटना. अशा जागेला भीतिदायक नाव दिलं, तर त्यात मला काही गैर वाटत नाही. पुढे जाऊ नकोस, एवढंच ते नाव सांगतं. धोका खरा आहे आणि नावाने कुणाचं काही बिघडत नाही.

पण सगळीच नावं एवढी निरुपद्रवी नसतात. आता स्वित्झर्लंडला जाऊ.

तिथे आल्प्सच्या उरी प्रांतात रॉइस नदीची एक घळ आहे, शोलेनेन नावाची. उभे कडे, खाली फेसाळतं पाणी. गोथार्ड खिंडीतून इटलीकडे जाणारी वाट इथूनच जाते. या घळीवर पूल बांधणं शेकडो वर्षांपूर्वी किती अवघड असेल, कल्पना करा. दंतकथा अशी की लोक थकले आणि म्हणाले, आता सैतानानेच पूल बांधावा. सैतान हजर. म्हणाला, बांधतो, पण पुलावरून जो पहिला जाईल तो माझा. पूल झाला. लोकांनी पहिला पाठवला एक बोकड! सैतान चिडला, पूल फोडायला भला मोठा दगड घेऊन निघाला. वाटेत एका म्हातारीने त्या दगडावर क्रूस काढला आणि सैतानाला दगड टाकून पळावं लागलं. तो दगड आजही दाखवतात. १९७७ साली मोठ्या रस्त्याच्या कामात आडवा आला, तेव्हा सुमारे २२० टनांचा हा दगड फोडला नाही, १२७ मीटर सरकवून ठेवला. दंतकथेला स्विस सरकारही एवढा मान देतं.

गोष्ट गमतीची आहे. मुलांना सांगितली की वर्ग हसायचा. पण हसून झालं की मी एक प्रश्न विचारायची, पूल खरा कुणी बांधला? दोर कमरेला बांधून त्या कड्यावर लोंबकळणारी, दगड घडवणारी माणसं होतीच ना? पण नाव राहिलं सैतानाचं. आपल्याकडे नाशिकजवळच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. ती आहेत बौद्ध लेणी, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातले शिलालेख त्यांच्या भिंतींवर आहेत, कुणी दान दिलं तेही कोरलेलं आहे. तरी लोकांच्या तोंडी नाव पांडवांचं. माणसाच्या हातून एवढं मोठं काम होईल यावर विश्वास बसला नाही, की श्रेय वर जातं नाहीतर खाली जातं, देवाकडे किंवा सैतानाकडे. मधल्या माणसाला मिळत नाही.

इथवर नुकसान झालं ते फक्त श्रेयाचं. आता त्याहून गंभीर गोष्ट.

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, बेल फोर्श नदीच्या काठी, मोकळ्या माळावर एक दगडी सुळका एकटाच उभा आहे. पायथ्यापासून ८६७ फूट उंच. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली लाव्हारस थंड होताना त्याला उभ्या भेगा पडल्या आणि बहुतेक षटकोनी असे प्रचंड खांब तयार झाले. भोवतीचा मऊ खडक झिजून गेला आणि हा सुळका उघडा पडला. लांबून बघाल तर वाटतं, कुणीतरी नखांनी ओरबाडून ठेवला आहे.

तिथल्या मूळ रहिवाशांनी नेमकं हेच पाहिलं. लकोटा लोक त्याला 'मातो तिपिला' म्हणतात, अस्वलाचं घर. एक कथा अशी आहे की खेळणाऱ्या मुलींच्या मागे अस्वल लागलं, मुली एका दगडावर चढल्या आणि दगड आकाशाकडे वाढू लागला. अस्वल नखं मारत राहिलं, त्याच या रेघा. आणि मुलींचे तारे झाले. कुणी म्हणतं कृत्तिका, कुणी म्हणतं सप्तर्षी. तुम्हा-आम्हाला ओळखीचेच तारे. वीसहून अधिक जमातींसाठी ही जागा पवित्र आहे.

मग तिथे सैतान आला कुठून? १८७५ साली कर्नल रिचर्ड डॉज यांच्या संरक्षणाखाली एक सरकारी मोहीम या भागात आली. ब्लॅक हिल्समध्ये सोनं किती आहे ते बघायचं होतं. ती जमीन १८६८ च्या तहाने लकोटांना दिलेली होती, हे लक्षात ठेवा. सुळक्याचं नाव काय, या प्रश्नावर दुभाष्याने काहीतरी 'वाईट देवाचा मनोरा' अशा अर्थाचं सांगितलं, असं मानलं जातं. डॉज यांनी लिहिलं 'डेव्हिल्स टॉवर'. त्याआधीच्या नकाशांवर अस्वलाचं घर होतं, पण टिकलं सैतानाचं नाव. २४ सप्टेंबर १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हा सुळका अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला, तोही याच नावाने.

आता तुम्ही स्वतःला त्या जागी ठेवून बघा. तुमच्या पंढरपूरला किंवा जेजुरीला बाहेरून आलेल्या एका मोहिमेने सैतानाची टेकडी म्हटलं, आणि सव्वाशे वर्षं सरकारी पाट्यांवर तेच नाव राहिलं, तर? हे नाव बदलून अस्वलाचं घर करा, अशी मागणी लकोटा समाजाचे आध्यात्मिक नेते आर्व्हल लुकिंग हॉर्स आणि इतर अनेकांनी केली. वायोमिंगच्या लोकप्रतिनिधींनी विरोध केला. कारण? नाव जगभर प्रसिद्ध आहे, बदललं तर पर्यटनावर परिणाम होईल. नाव अजून तेच आहे. एक छोटी गोष्ट मात्र झाली. १९९५ पासून जून महिन्यात, या जमातींच्या धार्मिक विधींच्या काळात, सुळक्यावर चढू नका अशी विनंती गिर्यारोहकांना केली जाते. सक्ती नाही. पण बरेच जण ती पाळतात.

नावाने दगडाला इजा होत नाही. ज्यांचा तो दगड आहे, त्यांना होते. आणि ज्याला सैतान म्हटलं तो दगड नसून जिवंत प्राणी असेल, तर काय होतं?

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया हे बेट आहे. तिथे एक काळाकुट्ट, छोट्या कुत्र्याएवढा प्राणी राहतो. मोठा नर फार तर १२ किलोचा. कांगारूसारखाच पिशवीत पिल्लं वाढवणारा. मूळ रहिवाशांकडे त्याला नाव होतं. त्यांची जी भाषा आज पुन्हा उभी केली जात आहे, तिच्यात त्याला 'पुरिनिना' म्हणतात. युरोपातले लोक तिथे राहायला गेले आणि त्यांनी रात्री जंगलातून अंगावर काटा आणणाऱ्या किंकाळ्या ऐकल्या. मग कधीतरी पाहिलं, की हा प्राणी जबडा वासून उभा आहे आणि चिडल्यामुळे त्याचे कान लाल झाले आहेत. झालं. नाव पडलं 'टास्मानियन डेव्हिल'.

शास्त्रज्ञही मागे राहिले नाहीत. १९०३ साली त्याला दिलेल्या शास्त्रीय नावांपैकी एक होतं 'सार्कोफिलस सॅटॅनिकस'. सैतानी मांसप्रेमी! आज ते नाव वापरत नाहीत. ज्या जॉर्ज हॅरिस यांनी १८०८ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं, त्यांच्यावरून आता त्याला 'सार्कोफिलस हॅरिसाय' म्हणतात.

सैतान म्हटल्यावर त्याला कसं वागवायचं हे ठरूनच जातं. १८३० साली व्हॅन डीमेन्स लँड कंपनीने, मेंढ्यांचा शत्रू म्हणून, त्याला मारणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. मादी मारली तर नरापेक्षा जास्त, कारण मादी मेली की पुढची पिढीच थांबते. सापळे लावले, विष घातलं. कायद्याचं संरक्षण मिळायला १९४१ साल उजाडलं. त्याच्या शेजारी राहणारा टास्मानियन वाघ त्याच्या पाच वर्षं आधीच, १९३६ साली, संपला होता.

आणि हा सैतान प्रत्यक्षात करतो तरी काय? मुख्यतः मेलेली जनावरं खातो. हाडं, कातडी, केस, सगळं. जंगलाचा सफाई कामगार म्हणा. एका मढ्यावर पाच-सहा जण जमले की आरडाओरडा होतो, पण तो बराचसा धाक दाखवायला असतो, मारामारी टाळायला. आपल्याकडे पाणी भरायच्या रांगेत होतो तसा. मादीला एका वेळी वीस-तीस पिल्लं होतात, तांदळाच्या दाण्याएवढी. पिशवीत स्तन फक्त चार. जी चार पोचतील ती जगतात. म्हणजे जन्मल्या क्षणापासून धडपड. ओरडणार नाही तर काय करणार?

हे सगळं जवळून पाहणारी एक बाई होती, मेरी रॉबर्ट्स. होबार्ट शहरात तिचं स्वतःचं छोटं प्राणिसंग्रहालय होतं. तिने हे प्राणी पाळले, बंदिस्त जागेत त्यांची पिल्लंही वाढवली, आणि १९१५ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. ज्याला जग माणसाळवता न येणारं, क्रूर जनावर समजत होतं, तो तिला खेळकर आणि लळा लावणारा वाटला. तिच्या लेखामुळे या प्राण्याकडे बघायची लोकांची नजर बदलू लागली. तिने वेगळं काय केलं? नाव बाजूला ठेवलं आणि रोज बघत राहिली. बस.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९६ साली टास्मानियाच्या ईशान्य भागात काही प्राण्यांच्या तोंडावर मोठ्या गाठी दिसल्या. तो कर्करोग होता, आणि तोही संसर्गजन्य. एकमेकांना चावताना एका प्राण्याच्या कर्करोगाच्या पेशी थेट दुसऱ्याच्या अंगात जातात आणि तिथे वाढतात. निसर्गात असे रोग अगदी मोजके आहेत. यामुळे त्यांची संख्या अनेक भागांत ८० टक्क्यांहून जास्त घटली. २००८ साली त्यांना धोक्यातली प्रजाती म्हणून नोंदवलं गेलं. मग लक्षात आलं, की जिथे हे प्राणी कमी झाले तिथे मेलेली जनावरं जास्त दिवस पडून राहतात. आपल्याकडे गिधाडं गेली तेव्हा हेच झालं होतं. 'गिधाड' ही तर आपल्या मराठीतली शिवी आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे ती संपत आली, आणि त्यांची किंमत आपल्याला तेव्हा कळली.

टास्मानियाने मात्र बरंच काही केलं. निरोगी प्राणी वेगळे ठेवले, त्यांची पैदास केली. २०१५ साली हाच 'सैतान' राज्याचा अधिकृत प्राणी झाला. २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर, जिथून तो साधारण तीन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता, कुंपण घातलेल्या अभयारण्यात त्याला सोडलं. एके काळी याच प्राण्याला मारायला पैसे दिले जात होते. आज त्याला वाचवायला दिले जातात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. आपल्यावर कधी कुणी सैतानाचं नाव लावलं का? लावलं की. लुडोविको दि वार्थेमा नावाचा इटालियन प्रवासी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला केरळात, कालिकतला आला. १५१० साली रोममध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. त्यात तो म्हणतो, कालिकतचा राजा सैतानाची पूजा करतो आणि त्या सैतानाला इथे 'देउमो' म्हणतात. जरा कान देऊन ऐका, देउमो. त्यात 'देव' ऐकू येतो की नाही? पुढे १५१५ च्या जर्मन आवृत्तीत त्याचं चित्र आलं, माणसं खाणाऱ्या राक्षसाचं. युरोपातल्या वाचकाने आपला देव पहिल्यांदा बघितला तो असा.

आपला वेताळ घ्या. पुण्यात वेताळ टेकडीवर रोज सकाळी शेकडो लोक फिरायला जातात. कोकणात वेताळ गावाची राखण करतो, गोव्यात आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० साली वेताळाच्या कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाचा 'व्हॅम्पायर' झाला. राखणदाराचा रक्तपिपासू व्हायला एक भाषांतर पुरलं.

आणि असुर म्हणजेही सैतान नव्हे. आपल्याकडे किती गावं असुरांच्या नावाची आहेत बघा. म्हैसूर महिषासुराचं. चामुंडी टेकडीवर त्याचा रंगवलेला पुतळा आहे, लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. गया गयासुराची, आणि तिथे आपण आपल्या पितरांना पिंड देतो. लोणारच्या विवराची कथा लवणासुराची. कोल्हापूरची दंतकथा तर मला फार आवडते. देवीच्या हातून मरताना कोल्हासुराने मागितलं, की या जागेला माझं नाव राहू दे, आणि देवीने ते दिलं. ज्याला मारलं, त्याचंही नाव राखलं. आपले पूर्वज फार थोर होते, असं मी म्हणणार नाही. माणसाला माणसाने दिलेली हीन नावं आपल्याकडेही गावोगावच्या वस्त्यांना होती. महाराष्ट्र सरकारला २०२० साली वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घ्यावा लागला, यातच काय ते आलं.

शेवटी घरातली गोष्ट. आम्ही हिंदी मुलखातले मराठी. इथे शेजारीण माझ्या मुलाला 'बड़ा शैतान है' म्हणायची, ते कौतुकाने. मराठीत 'सैतान आहे नुसता' म्हटलं की सूर बदलतो. आणि शाळेत तो सूर मी खूप ऐकला. जूनमध्ये, कधी एप्रिलमध्ये, नवा वर्ग हाती येतो तेव्हा आधीचे शिक्षक सांगतात, 'तो तिसऱ्या बाकावरचा, सैतान आहे.' मी एक सवय लावून घेतली होती. विचारायचं, 'करतो काय?' एकदा उत्तर आलं, 'हाक मारली तरी बघत नाही, उर्मट आहे.' मी त्याच्या आईला बोलावून घेतलं. लहानपणापासून कान वाहत होता. एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. उपचार झाले. तो गुणी बाळ झाला असं काही नाही, मस्ती करतच राहिला. पण हाक मारली की वळून बघायला लागला.

म्हणून म्हणते, कुणाला सैतान म्हटलं गेलं की एवढंच विचारा, 'तो करतो काय?' टास्मानियातल्या रात्रीच्या किंकाळ्यांबद्दल हा प्रश्न शंभर वर्षं आधी विचारला असता, तर किती प्राणी वाचले असते.

आणि जाता जाता एक. इंग्रजीतला 'डेव्हिल' हा शब्द ग्रीक 'दियाबोलोस' वरून आला. त्या शब्दाचा मूळ अर्थ शिंगं-शेपटीवाला असा नाही. मूळ अर्थ आहे निंदा करणारा, खोटा आळ घेणारा. आपल्या मराठीत सांगायचं तर, नावं ठेवणारा.